पावणेदोन सूत

भंगारवाल्याच्या हातात कुठलीही वस्तू पडली की तो आधी लोहचुंबक लावतो. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर कानशीचा एक ओरखडा: पिवळं दिसलं तर पितळ, पांढुरकं दिसलं तर जर्मन, म्हणजे आपलं ॲल्युमिनियम. दोन सेकंदांत भाव ठरतो. जुना ड्रम ओळखायला बसलेला हौशी माणूस मात्र सगळ्यात आधी बिल्ला वाचतो आणि तिथेच फसतो. बिल्ला म्हणजे पोकळ रिव्हिटवर बसवलेला पत्र्याचा तुकडा. तो इकडचा काढून तिकडे लावायला पाच मिनिटं पुरतात. भांडं, म्हणजे ड्रमचं पोकळ गोल अंग, कोणत्या धातूचं आहे, त्याला सांधा आहे की नाही, भोकं किती आणि कुठे, आटे कोणत्या मापाचे, हे बदलायच्या भानगडीत मात्र कुणी पडत नाही. त्यात कष्ट फार आणि सुटणारं काही नाही. तेव्हा ओरखडा सोडून बाकी सगळं भंगारवाल्याचंच शिकावं.

आमच्या सोलापुरातले बँडवाले ह्या ड्रमला साइड ड्रम म्हणतात, ऑर्केस्ट्रात सेट वाजवणारे स्नेअर म्हणतात. वस्तू एकाच घराण्यातली. वर एक पान, खाली एक पातळ पान आणि खालच्या पानाला चिकटून ताणलेल्या तारा. काठी वर पडते, आतली हवा खालच्या पानाला धक्का देते, पान तारांवर आपटतं आणि तो चर्रर आवाज निघतो. चामड्याच्या किंवा फायबरच्या पडद्याला 'पान' म्हणण्याची रीत ढोल-ताशाची. ती मला 'हेड'पेक्षा बरी वाटते, म्हणून इथे तीच ठेवतो.

तुळशीचं लग्न झालं की सुरू होणाऱ्या वराती, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, मग गणपती, नवरात्र, अशा मिरवणुकांवर सोलापुरातल्या बँडांनी अनेक वर्षं काढली. डीजेच्या भिंती आल्या आणि बरेच ड्रम माळ्यावर गेले. आता घरात जागा नाही म्हणून ते खाली येतात. बहुतेक मेरठचे असतात. तिथली जली कोठी म्हणजे देशभरातल्या बँडांना वाद्यं पुरवणारी पेठ. पण अधूनमधून त्यांच्यात एखादा पाहुणा निघतो. इंग्रजी लष्करातून सुटलेला, कुणी परदेशातून आणलेला, किंवा ऑर्केस्ट्रावाल्याने मुंबईत मिळवलेला. १९९१ च्या आधी परदेशी वाद्य आणणं सोपं नव्हतं. त्यामुळे असा ड्रम हाती आला की तो अनेक हातांतून गेलाय आणि प्रत्येक हाताने त्यात काहीतरी केलंय, असं धरूनच चालावं.

चुंबक लावताना एक सावधगिरी. हल्ली कपाटाच्या दाराला लागतात ते निओडिमियमचे बारके चुंबक फार जोरकस असतात. क्रोमच्या खाली निकेलचा थर असतो आणि निकेल स्वतः चुंबकाला ओढ देतं. पितळी भांड्यावरही असा चुंबक जरासा रेंगाळतो आणि माणूस 'लोखंड आहे' म्हणून ड्रम सोडून देतो. जुन्या स्पीकरचा साधा काळा चुंबक वापरावा. लोखंडाला तो टक्कन बसतो, बाकीच्यांवरून सरळ घसरतो. मग बाहेरचं क्रोम न खरवडता लग्स काढावेत. लग म्हणजे पान ताणणारा बोल्ट ज्यात जातो ते भांड्यावरचं घर. त्याच्या सावलीत भोकाची कड उघडी असते आणि धातूचा खरा रंग तिथे दिसतो. गंजही बोलतो: तांबडा असेल तर लोखंड, हिरवट असेल तर पितळ, पांढरी भुकटी आणि क्रोमवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतील तर ॲल्युमिनियम.

हे शेवटचं लक्षण महत्त्वाचं, कारण शिकागोच्या लुडविग कंपनीचा सुप्राफोनिक ४०० ह्याच व्रणांवरून ओळखू येतो. १४ इंच व्यास, ५ इंच उंची, दहा लग, मधोमध एक फुगीर पट्टी, भांड्याला कुठेही सांधा नाही, आणि ॲल्युमिनियमवर चढवलेलं क्रोम. ॲल्युमिनियम क्रोमला नीट धरून ठेवत नाही. घामाचं मीठ बारक्या छिद्रातून आत शिरलं की खालचा धातू फुगतो आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. त्याच कंपनीचा ॲक्रोलाइटही ॲल्युमिनियमचाच, पण आठ लगचा आणि क्रोम न चढवलेला. त्याचा रंग मंद करडा, पापुद्रा सुटायचा प्रश्नच नाही. दिसायला गरीब, वाजायला मात्र सख्खा भाऊ. शोरूममध्ये विद्यार्थ्यांचा ड्रम म्हणून विकला जायचा, आणि मला तो जास्त आवडतो.

लुडविगचा बिल्ला वाचायचाच तर असा वाचावा. कमानीच्या माथ्यावरच्या पाचरीच्या दगडासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता बिल्ला साठच्या दशकातला. १९६३ च्या अखेरीपर्यंतच्या बिल्ल्यांवर नंबर नाहीत, त्यानंतरच्यांवर आहेत. निळा आणि हिरवट रंग असलेला बिल्ला १९७० च्या आसपास सुरू झाला. मन्रो हे गावाचं नाव दिसलं तर ड्रम १९८४ नंतरचा, कारण त्या वर्षी कारखाना शिकागोहून तिकडे हलला. नंबरवरून महिना काढत बसू नये. कारखान्यात बिल्ले पेटीतून हाताला येतील तसे लावले जायचे, त्यामुळे आधीचा नंबर नंतरच्या ड्रमवर सहज सापडतो.

इंग्रजी मालाची खूण वेगळी. बाणाच्या टोकासारखं तीन रेघांचं चिन्ह ठोकलेलं असेल तर ती सरकारी लष्करी मालमत्ता. नुसतं 'हॉक्स अँड सन' असेल तर १९३० च्या आधीचं, कारण त्या वर्षी ती पेढी बूझीत मिसळली आणि 'बूझी अँड हॉक्स' झाली. प्रीमियर १९२२ पासूनची. जपानी ड्रमवर स्टार लिहिलेलं असेल तर समजावं की हीच मंडळी १९७४ पासून टामा नावाने विकू लागली. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकी टीव्हीवर झळकले. रिंगोच्या पुढच्या ड्रमवर लुडविगचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, आणि तशा दिसणाऱ्या ड्रमचं पेवच फुटलं. जपानी कारखान्यांनी तेच रूप स्वस्तात काढलं आणि दुकानदार म्हणेल ते नाव त्यावर लावून दिलं. असा ड्रम आतून बघावा. हलक्या, तांबूस, मोठ्या छिद्रांच्या लाकडाचं प्लाय आणि वरखाली जाड कडी दिसली की बिल्ल्यावर काहीही असो, माल जपानी. तो वाईट नसतो. फक्त त्याची किंमत अमेरिकन मालाची नसते.

आता आटे. ह्या लेखाला नाव त्यांच्यामुळेच मिळालं.

जुन्या अमेरिकन ड्रमच्या ताणबोल्टचा आटा असतो १२-२४. व्यास ०.२१६ इंच, म्हणजे ५.४९ मिलिमीटर, आणि एका इंचात २४ आटे. जपानी ड्रमचा ७/३२ इंच, म्हणजे ५.५६ मिलिमीटर, इंचात तेवढेच २४. फरक सात शतांश मिलिमीटरचा, म्हणून एकाचा बोल्ट दुसऱ्यात बहुधा चालून जातो. घोळ होतो तो मेट्रिक बोल्टमुळे. बाजारातला सहा एमएमचा बोल्ट व्हर्निअरमध्ये ५.९ च्या आसपास भरतो आणि त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, पूर्ण एक मिलिमीटर. इंचात २४ म्हणजे पिच १.०६ मिलिमीटर. डोळ्याला दोन्ही सारखेच. हाताने सुरुवातीला अडतो, मग कुणीतरी पान्हा लावतो, दोन आटे जातो आणि लगच्या आतली पितळी नट कायमची मरते. माळ्यावरून उतरलेल्या दहा ड्रमांत मला वाटतं सात तरी असे असतात: एक बोल्ट हरवला, हार्डवेअरच्या दुकानातून सहाचा आणला, ठोकून बसवला.

सोलापुरात ह्यावर उपाय आहे आणि तो संगीताच्या दुकानात नाही. यंत्रमागाची कामं करणारी लहान वर्कशॉप अजून आहेत. माग जुन्या इंग्रजी घडणीचे, त्यामुळे तिथल्या लेथवाल्याला इंची आट्याची भाषा पाठ असते. तो इंचाचे आठ भाग करतो, एका भागाला सूत म्हणतो. त्याला '७/३२' सांगू नका, 'बारा-चोवीस' तर मुळीच नको. 'पावणेदोन सूत, चोवीस आटे' म्हणा. पाव इंच म्हणजे दोन सूत, त्याहून पाव सूत कमी. तो मान हलवतो आणि ड्रॉवरमधून आटे पाडायचा टॅप काढतो. मेलेली नट फेकायची नाही. नमुना म्हणून ती त्याच्याकडे द्यायची; पितळी गजातून तशीच दुसरी लेथवर निघते. लगच्या घरात मोठा आटा पाडून घेऊ नये. लग जस्ताच्या ओतकामाचे असतात, कडेला तडा गेला तर जोडता येत नाही.

इतकं झालं की भांड्याची भोकं मोजायला घ्यावीत. कारखान्याचं भोक गोल, कड साफ आणि त्याच्याभोवती क्रोम किंवा रंग नीट चिकटलेला. नंतर पाडलेल्या भोकाला आत भुरकट बुरे असतात, जागा जराशी तिरकी असते, आणि लाकडाचं भांडं असेल तर आतलं प्लाय भोकाभोवती फाटलेलं असतं. बँडच्या ड्रमला एक जादा भोक जवळजवळ हमखास सापडतं: गळ्यातल्या पट्ट्याचा हुक बसवायला पाडलेलं. सेट वाजवणाऱ्याच्या दृष्टीने तो ड्रमवर अन्याय. पण बँडवाला उभा राहून, चालत, तीन-तीन तास वाजवतो. हुक नसता तर हा ड्रम वाजलाच नसता. असं भोक मेणाने किंवा एम-सीलने बुजवू नये. वाजवताना बुजवण सैल होतं आणि खुळखुळ सुरू होते, मग माणूस आठवडाभर आवाज कुठून येतोय ते शोधत बसतो. पितळी बोल्ट, दोन्ही बाजूंना फेल्टची चकती, आत नट. कधीही काढता येतं.

भांड्याचा गोलपणाही तेव्हाच बघून घ्यावा. बाहेरचा व्यास चार दिशांनी मोजायचा. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, पानाचं कडं तो झाकून घेतं. तीनच्या वर गेला तर कुणीतरी माळ्यावर ड्रमवर ट्रंक ठेवली होती. इंग्रजी ड्रम असेल तर आकडाही बघायचा. आजचं १४ इंची पान ज्या भांड्यावर बसायला केलेलं असतं त्याचा बाहेरचा व्यास १४ इंचांहून थोडा कमी असतो. भांडं पुरतं ३५५ मिलिमीटर भरलं तर पान घट्ट बसेल, अडकेल, एका बाजूला चढून दुसऱ्या बाजूला राहील. पान ठोकून बसवायचं नाही आणि भांडं घासायचं तर त्याहून नाही. अशा मापाचं पान मागवावं लागतं.

लाकडाच्या आणि धातूच्या, दोन्ही भांड्यांत सगळ्यात जास्त नुकसान काठावर होतं. काठ म्हणजे जिथे पान टेकतं ती धार. तपासायची रीत सोपी आहे. पॉलिश केलेला कडाप्प्याचा ओटा किंवा दहा एमएमची काच घ्यावी. शहाबादी फरशी नको, ती डोळ्याला सपाट दिसते पण नसते. दोन्ही पानं काढलेलं भांडं वरच्या काठावर पालथं ठेवायचं, आत मोबाइलचा टॉर्च, खोलीत अंधार. बाहेरून डोळा ओट्याच्या पातळीला आणून पूर्ण फेरी मारायची. प्रकाशाची रेघ कुठेही बाहेर येता कामा नये. केसाएवढी रेघ दोन-तीन बोटं लांब दिसली तर त्या जागी पान नीट टेकणार नाही आणि तिथला बोल्ट कितीही फिरवला तरी सूर जुळणार नाही.

आता भांडं उलटं करून खालच्या काठावर ठेवा. इथे दोन ठिकाणी उजेड दिसेल, समोरासमोर. बोटभर रुंद नव्हे, चांगला चार-पाच बोटं, मधे मिलिमीटर-दोन मिलिमीटर खोल आणि दोन्हीकडे हळूच विरून जाणारा. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव खाली-वर होतो. ओटा समोर असतोच, सँडपेपरही असतो, आणि तो काठ सपाट करायला बसतो. अर्ध्या तासात सपाट होतोही. त्या क्षणी ड्रम संपला. कारण तो उजेड दोष नव्हता, ती तारांची गादी होती. तारा ज्या दोन टोकांकडून भांड्यावर चढतात तिथे काठ मुद्दाम किंचित उतरवलेला असतो, म्हणजे पान तिथे जरा खाली बसतं आणि तारा टोकापासून टोकापर्यंत पानाला चिकटून राहतात. गादी गेली की तारांची टोकं अधांतरी राहतात, त्या गुणगुणत राहतात, आणि मग माणूस तारा बदलतो, पान बदलतो, खटका, म्हणजे तारा लावायचा-सोडायचा दांडा, बदलतो. दुरुस्ती अशी पैशाने मोजता येते, काठ येत नाही. खटका आणि त्याच्या समोरची पकड ज्या ठिकाणी बसवल्यात त्यांच्या बरोबर खाली उजेड असेल तर हात मागे घ्यावा. दुसरीकडे कुठे असेल तरच काळजी. वरच्या काठालाही माझ्या मते आधी नवं पान लावून, ताणून, वाजवून बघावं. काठ घासणं हे शेवटचं काम, पहिलं नव्हे.

सफाईचं म्हणाल तर पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश ह्यांनी ऐंशी टक्के काम होतं. त्याआधी मात्र प्रत्येक लगचा फोटो काढून ठेवावा आणि मास्किंग टेपवर एक ते दहा आकडे लिहून लग, त्यांचे स्क्रू, त्यांचे वॉशर एकत्र बांधावेत. लगच्या आत बारीक स्प्रिंग असते. नट जागेवर धरून ठेवायला. उघडताना ती उडते आणि सापडत नाही. जुन्या ड्रममध्ये ही स्प्रिंग वाजते, ठोक्यामागे एक बारीक झिणझिण येते. कारखान्याने तिच्याभोवती फेल्ट गुंडाळलेलं असायचं, ते एव्हाना भुकटी होऊन पडलेलं असतं. त्याच्याजागी सुती चिंधी गुंडाळली तरी चालतं. चादरीच्या ह्या गावात चिंधीला तोटा नाही. घट्ट कोंबू मात्र नये, नटेला थोडं हलता आलं पाहिजे, नाहीतर बोल्ट तिरका शिरतो.

गंजलेले लोखंडी बोल्ट आणि वॉशर सायट्रिक ॲसिडमध्ये टाकावेत. एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम, तास-दीड तास, मधे एकदा ब्रश. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे करून तेलाचा हात. रात्रभर ठेवले तर आम्ल क्रोमच्या भेगांतून आत जातं आणि सकाळी बोल्ट काळे निघतात. लग ह्या पाण्यात चुकूनही टाकू नयेत: जस्त आम्लात विरघळतं, लगवर बुडबुडे दिसतात तो मळ निघत नसून लगच जात असतो. पान दाबून धरणाऱ्या लोखंडी कड्यावरच्या क्रोमला तांबडे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चकचकीत फॉइल चुरगळून, पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावी. क्रोम तिच्याहून कठीण असल्याने ओरखडा उठत नाही. चिंच, लिंबू, पितळेची भांडी लख्ख करणारी पावडर, ही नागड्या पितळेसाठी ठीक. क्रोमला उपयोग नाही, निकेलला त्रास, आणि पितळेवर लॅकर असेल तर डाग-डाग होतात.

लाकडी भांड्यावर मोत्यासारखं चमकणारं प्लास्टिकचं आवरण असेल तर तिथे हीटगन नको. जुन्या आवरणांतली काही सेल्युलोज नायट्रेटची असतात आणि ती भडकतात. सांध्याला सुटलेली कड बसवायला कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह, दोन्ही बाजूंना पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं वाळवून मग दाब. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या की दाब सारखा पडतो. पत्र्याच्या खोलीत हे काम मे महिन्यात करू नये. चाळीसच्या वर पारा गेला की ॲडहेसिव्ह हाताखालीच वाळतं. ड्रमही अशा खोलीत ठेवू नये. प्लायचे थर आणि आवरणाची कड ह्याच उन्हाळ्यांत सुटलेली असते.

आता प्लेटिंग. एमआयडीसीत गाडीचे पार्ट क्रोम करून देणारे असतात. ड्रम बघितला की पहिलं वाक्य ठरलेलं: "मालक, नवं करून देतो की." देतातही. आधी जुना थर आम्लात उतरवतात, मग बफिंगच्या चाकावर धरतात. चाक सपाट भाग सोडतं आणि कडा खातं. कोरलेलं नाव पुसट होतं, काठाची धार गोल होते, भोकांचे काठ उतरतात. पितळेच्या भांड्यावर निदान नवा थर टिकतो. ॲल्युमिनियमला आधी जस्ताच्या द्रावणाची वेगळी प्रक्रिया लागते. ती नेहमीच्या लोखंडी कामाच्या दुकानात बहुधा नसते, आणि तिच्याविना चढवलेलं क्रोम वर्षभरात पत्र्यासारखं सोलून येतं, कडा धारदार, बोटं कापणारी. व्रण पडलेला सुप्राफोनिक व्रणांसकट ठेवावा. सुटलेल्या पापुद्र्याची धार तेवढी बोथट करायची, वर मेणाचा हात द्यायचा. आवाजात तसूभर फरक नाही.

खटका बऱ्याचदा हरवलेला किंवा तारेने बांधलेला असतो. नव्या खटक्याची भोकं जुन्या भोकांशी जुळत नाहीत. दोन एमएम पितळी पट्टी घेऊन तिला भांड्याच्या गोलाईचा बाक द्यावा. पट्टी जुन्या भोकांवर बसवायची आणि खटका पट्टीवर. भांड्याला नवं भोक एकही नाही. खालचं कडंही बघून घ्यावं. त्यात समोरासमोर दोन खिडक्या असतात, तारांची दोरी जायला. वरचं कडं चुकून खाली बसवलेले ड्रम पुष्कळ मिळतात. तिथे खिडकी नसल्याने दोरी कड्याखाली चिरडते आणि कुणीतरी हॅक्सॉने खाच पाडलेली असते. कडं बदलता आलं तर बदलावं, नाही तर खाचेच्या कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात, म्हणजे दोरी तुटत नाही.

पानांच्या बाबतीत एकच चूक वर्षानुवर्षं चालत आली आहे: वर जे पान तेच खाली. फायबरचं, म्हणजे खरं तर मायलारचं पान १९५७ च्या सुमाराला आलं. त्याआधी वासराचं कातडं असायचं. ते आपल्या कोरड्या उन्हात आपोआप चढायचं आणि पावसाळी हवेत ढिलं पडायचं. वरचं पान १० मिल, म्हणजे पाव मिलिमीटर जाड, काठी सोसणारं. खालचं ३ मिल, ०.०७५ मिलिमीटर, धुरकट दिसणारं, बोटाने जोरात दाबलं तरी खळगा पडेल असं. एवढं पातळ असतं म्हणूनच ते हलक्या ठोक्यालाही हलून तारांना जागं करतं. तिथे जाड पान लावलं की ड्रम डब्यासारखा वाजतो आणि दोष तारांवर जातो. दुकानात 'खालचं पान' असं स्पष्ट मागावं आणि हातात घेऊन बघावं.

बसवताना आट्यांना व्हॅसलीनचा बारीक हात. बोल्ट बोटाने फिरतील तेवढे फिरवायचे, मग चावीने अर्धा-अर्धा फेरा, समोरासमोर. दहा लगचा क्रम १, ६, ३, ८, ५, १०, ७, २, ९, ४. एका बाजूने फेरीने कसत गेलात तर पान तिरकं बसतं आणि मग ते सरळ होत नाही, सगळं सोडून पुन्हा सुरुवात. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत काठीच्या टोकाने टिचकी मारून सूर सारखा करायचा. खालचं पान वरच्यापेक्षा चढं. तारा वीस पदरी, दोन्ही टोकांना भांड्याच्या काठापासून सारखं अंतर सोडून मधोमध. एखादा पदर वाकला असेल तर तो सरळ करत बसू नका, होत नाही. दोन्ही टोकांशी कापून टाका. खटका लावून त्याचा तारा ताणायचा स्क्रू इतकाच फिरवायचा की पानाच्या कडेला करंगळीने मारलेली टिचकीही तारा उचलतील. आणखी घट्ट केलं की आवाज गळा आवळल्यासारखा होतो. बँडवाल्यांची सवय घट्टची, कारण रस्त्यावर ट्रम्पेटच्या पुढे चर्रर ऐकू जायला हवा. खोलीत वाजवणाऱ्याने अर्धा फेरा सोडावा. दुसऱ्या दिवशी पानं बसलेली असतात, सूर उतरलेला असतो. तेव्हा पुन्हा एकदा फेरी.

राहता राहिलं भांड्यावरचं नाव. बँड कंपनीचं, पेंटरने ऑइलपेंटने लिहिलेलं, लाल अक्षराला पिवळी सावली, खाली 'सोलापूर' आणि कधी चार-पाच आकडी फोन नंबर. थिनरच्या बोळ्याने पाच मिनिटांत जातं, आणि खालचं क्रोम त्या जागी बाकीच्यापेक्षा चांगलं निघतं, हा मोह खरा आहे. संग्राहकाला ते नको असतं. माझं मत उलट आहे. शिकागोचे लाखभर ड्रम असतील, त्यांतला बाळीवेशीतून वरातीपुढे गेलेला एखादाच. आणि तो फोन नंबर किती आकडी आहे ह्यावरून तो कोणत्या काळात इथे होता ह्याचा अंदाज येतो, जो बिल्ल्यावरून येत नाही.

खालचं पान बसवण्याआधी आत एक चिठ्ठी चिकटवावी. शाईने नाही, पेन्सिलने, शाई उडते. तारीख, कोणते बोल्ट नवे, कोणत्या लगची नट लेथवर काढली, खटक्याखालची पट्टी कधी घातली, कुठलं भोक आधीपासूनचं होतं. चारही कडा पूर्ण चिकटवायच्या, नाहीतर कागद फडफडतो. लाकडाचं भांडं असेल तर चिठ्ठीची जागा ठरवण्याआधी टॉर्च नीट फिरवून घ्या. आधीच्या एखाद्या कारागिराने तिथे पेन्सिलीने काही लिहून ठेवलेलं असू शकतं, आणि ते झाकलं जाता कामा नये.